मावशीचा कच्चा आवाज

१

सोमवारी सकाळी मावशी स्वतःचा आवाज ऐकायला ऑफिसात आली, आणि तो जागेवर नव्हता.

आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या आणि एक काचेचा खोका. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. मी इथला हिशेबनीस. मावशी ही आमच्या संचालकांच्या आईची बहीण. ते मावशी म्हणतात म्हणून सगळी संस्था म्हणते, वयाने मोठा असून मीसुद्धा. त्या खोक्यात बसून तिने इतकी वर्षं वाचलं की तिच्या आवाजात इतिहास शिकून नापास झालेली मुलं आता आपापल्या मुलांना तिचीच पुस्तकं ऐकवतात. मग तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याला रुमाल आणि हातात एक छोटी पांढरी पाटी, मार्करने लिहायची.

त्या पाटीवर तिने लिहिलं, "कच्चं ऐकव."

आमच्याकडे आवाज दोन प्रकारचा असतो. कच्चा म्हणजे खोक्यात जे जे झालं ते सगळं. पक्का म्हणजे त्यातला खोकला, चुका, श्वास, चष्म्याची शोधाशोध, हे सगळं कापून उरतो तो. कापण्याचं काम करणाऱ्या मुलीला सगळे कात्री म्हणतात; तिला राग येत नाही, निदान ती दाखवत नाही. मावशीचा पक्का आवाज शेकडो घरांत आहे, पण तो वाचणारा. बोलणारी मावशी फक्त कच्च्यात होती. पान सापडलं नाही की एक बारीकसा श्वास घेऊन ती म्हणायची, "थांब हं, बघते." मग कात्रीला टोमणा मारायची, मुलीचं गाऱ्हाणं सांगायची, स्वतःच हसायची. घरी तिचं बोलणं कुणी कधी टिपून ठेवलं नव्हतं. जी माणसं अखंड बोलतात, त्यांचं कोण टिपून ठेवतं?

कात्रीने 'कच्चं' नावाचं फोल्डर उघडलं. आत दोन फोल्डर असायला हवी होती, एक मावशीचं, एक नव्या वाचकाचं. नव्या वाचकाचं होतं. मावशीचं नव्हतं.

कात्रीने शोधाच्या चौकटीत 'मावशी' टाकून अख्खा कॉम्प्युटर धुंडाळला. पक्की पुस्तकं निघाली, कच्चं नाही. संचालक आतून आले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. अनुदानाची तपासणी येते तेव्हाचे त्यांचे सगळे चेहरे मला पाठ आहेत. हा त्यांतला नव्हता.

त्यांनी कात्रीला विचारलं, रिसायकल बिन कधी रिकामी केलीस? शुक्रवारी, ती म्हणाली. जागा संपत आली होती म्हणून.

"झालं तर मग," संचालक म्हणाले. संध्याकाळपर्यंत फोल्डर मिळालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असंही म्हणाले. आवाज चढवला नाही. मावशी ऐकत होती, आणि ऐकण्याखेरीज तिला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात क्लासवाल्या बाई उभ्या होत्या.

२

बाईंना संचालकांनीच बोलावलं होतं, महिन्यापूर्वी. आमच्या एकुलत्या कॉम्प्युटरवर फायलींचा उकिरडा झाला होता आणि प्रत्येकाचा अर्धा दिवस शोधण्यात जात होता. बाई ऑफिसांतून फक्त एवढंच शिकवत फिरतात: फाइल मॅनेजर नीट वापरा. त्या विषयात तीन तास बोलता येतं यावर माझा विश्वास नव्हता. बाईंचा माझ्यासारख्यांवर नव्हता.

आज क्लास नको, घरात सुतक असल्यासारखं झालंय, असं संचालक म्हणणार होते. पण बाईंनी कात्रीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मावशीच्या पाटीकडे पाहिलं, काय झालंय ते माझ्याकडून दोन वाक्यांत काढून घेतलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मग तर आजच घेऊ," त्या म्हणाल्या. "शोधायचं कसं, तेच शिकवायचं होतं."

पहिला धडा साधा होता. प्रत्येकाने यायचं आणि एक फोल्डर इकडून तिकडे न्यायचं, आपण रोज नेतो तसं. बाई बोलणार नव्हत्या, नुसत्या बघणार होत्या.

कात्री आली. उंदराला हात न लावता, दोन बोटांनी की-बोर्डवरच कॉपी केलं, नव्या जागी चिकटवलं, दोन्हीकडच्या फायली मोजून पाहिल्या. मूळ पुसायचं का, असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, दोनदा ऐकल्याशिवाय नाही.

नवा वाचक आला. त्याचा आवाज असा की खोक्याची काच थरथरते. त्याचं नाव भोंगा. तो घरी ध्वनिमुद्रण करून पेन ड्राइव्हवर आणतो. त्याने उजवी कळ दाबून 'कट' निवडलं. त्याचा पेन ड्राइव्ह लहानसा, जुना. रिकामा केल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचं मावत नाही. त्यामुळे कापून आणणं हीच त्याची सवय.

मी म्हणालो, मी काही हलवतच नाही, माझं सगळं समोरच्या पडद्यावर पसरलेलं असतं. बाईंनी माझ्याकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहावं तसं पाहिलं.

संचालक शेवटी आले. ते काम आपल्या लॅपटॉपवर करतात आणि बाहेरच्या डिस्कवर घालून इथे आणतात. त्यांनी डिस्क जोडली, फोल्डर उंदराने पकडलं, इकडे ओढलं, सोडलं.

"कॉपी-बिपीच्या भानगडीत मी पडत नाही," ते म्हणाले. "ओढायचं नि सोडायचं. इथे एक येतं, मूळचं तिथल्या तिथे राहतं."

बाई काही वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "असं होतं. कधी कधी."

३

चहाच्या सुट्टीत बाईंनी एकेकाला खोक्यात बोलावलं, कारण तिथलं बोलणं बाहेर येत नाही. आत काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. मावशी मात्र आतच बसून होती, तिच्या जुन्या खुर्चीवर. तिला कुणी उठवलं नाही.

भोंग्याने आधी छाती फुगवली. पक्क्या पुस्तकांच्या यादीत मावशीचं नाव वर आणि त्याचं खाली असतं, ते त्याला खुपतं, हे सगळ्यांना माहीत आहे; त्याने ते कबूलही केलं. पण बाई, म्हणाला, कच्चं घेऊन मी करू काय? कच्च्यातली मावशी शिव्यासुद्धा देते. त्यातल्या बऱ्याच माझ्या नावाने आहेत. मावशीने पाटीवर "खरं आहे" लिहिलं, आणि त्या सकाळी खोक्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

कात्री आधी रडली. मग म्हणाली की नोकरीचं राहू द्या, गेली तर गेली. पण मावशींचे श्वास मी इतकी वर्षं कापून टाकले. कच्चं ठेवलं होतं म्हणून ते पाप वाटत नव्हतं.

माझी पाळी आली. बाईंनी मला फार वेळ दिला नाही; एवढंच विचारलं की गेल्या आठवड्यात कुणाला भेटायला कोण आलं होतं. मी सांगितलं, दोन देणगीदार, एक पंखेवाला, आणि चकचकीत बुटांचे दोन तरुण, जे संचालकांशी दार लावून बोलले आणि निघताना भिंतीवरच्या मावशीच्या फोटोपुढे जरा जास्तच थांबले.

संचालकांनी सगळी उत्तरं सरळ दिली. मी स्वतः त्या फोल्डरचं नुकसान कशाला करीन, म्हणाले, ती माझी मावशी आहे. त्यांचे डोळे ओले होते. बाई नंतर मला म्हणाल्या, "हा माणूस खोटं बोलत नाहीये. तोच तर घोळ आहे."

४

दुसऱ्या धड्याला बाईंनी आमच्या फायलींचं रूप पालटलं. आमच्याकडे सगळं मोठमोठ्या पिवळ्या चित्रांत दिसायचं, बालवाडीच्या भिंतीसारखं. बाईंनी 'तपशील' असं दर्शन निवडलं आणि चित्रांची जागा ओळींनी घेतली. मग वरच्या पट्टीवर उजवी कळ दाबली तेव्हा दडलेल्या रकान्यांची रांग निघाली: शेवटचा बदल कधी, तयार कधी, आकार किती. रकाने बघून मला बरं वाटलं. इतकी वर्षं ते तिथेच होते, आणि आम्ही पिवळी चित्रं बघत बसलो होतो.

"फोल्डर म्हणजे खोली समजा," बाई म्हणाल्या. "खोलीतून एखादी वस्तू बाहेर गेली किंवा आत आली, की दारावरची तारीख बदलते. आत ठेवलेल्या पेटीच्या पोटात काही घातलंत तर पेटीची बदलते, खोलीची नाही. आता 'कच्चं'च्या दारावर काय आहे ते वाचा."

तारीख गुरुवारची होती. वेळ दुपारची.

कात्री शुक्रवारी बिन रिकामी करण्याआधीच फोल्डर तिथून गेलं होतं. आणि गुरुवारी दुपारी कात्री ऑफिसात नव्हती. ती मावशीचे टाके काढायला तिच्याबरोबर दवाखान्यात गेली होती. मावशीची मुलगी परगावी, भाच्याला कामं. मावशीने पाटी उचलून संचालकांच्या समोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, "माझ्याजवळ होती."

संचालक थोडे वरमले. मग माझ्याकडे आणि भोंग्याकडे वळले. गुरुवारी दुपारी ऑफिसात आम्ही तिघंच होतो.

भोंगा म्हणाला की सगळे बघतायत म्हणून मी गप्प बसणार नाही, आणि खरोखरच बसला नाही. काच थरथरली. तो थांबल्यावर बाईंनी हलकेच विचारलं की तुम्ही नेलंत तर कशाने नेलं असतंत? तुमच्या त्या पेन ड्राइव्हवर तुमचं एका दिवसाचं वाचन कसंबसं मावतं. मावशींची इतकी वर्षं त्यात कशी मावतील?

"म्हणजे हा हिशेबनीस," भोंगा म्हणाला.

"यांना फोल्डर हलवता येत नाही," बाई म्हणाल्या. माझ्या निरपराधपणाचा इतका अपमानास्पद पुरावा कुणी दिला नव्हता.

मग त्या संचालकांकडे न बघता म्हणाल्या, की मला वाटतं फोल्डर या ऑफिसाबाहेर गेलेलंच नाही.

५

कात्रीने नावाने शोधलं होतं. नाव बदललं की नावाने शोधणाऱ्याचे हात रिकामे राहतात. आतल्या फायलींना नुसते आकडे होते, आणि तसल्या आकड्यांच्या फायली आमच्याकडे ढिगाने. बाईंनी शोधाच्या चौकटीत नाव लिहिलंच नाही. आवाजाच्या, कापायच्या आधीच्या जाडजूड फायली, एवढंच सांगितलं, आणि अख्खी डिस्क निवडली. निकाल झरझर आले. बाईंनी उजव्या बाजूला त्या त्या फायलीचा पत्ता दाखवणारा रकाना काढला. बहुतेक पत्ते भोंग्याच्या फोल्डरचे होते. आणि मग एका वेगळ्याच पत्त्याची लांबलचक रांग सुरू झाली.

फोल्डरचं नाव होतं 'जुनी वीजबिलं'.

"वीजबिलं कोण बघतं इथे?" बाईंनी विचारलं.

मी बघतो. आणि ती कागदाची असतात, माझ्या कपाटात, दोऱ्याने बांधलेली. कॉम्प्युटरवर आम्ही एकही कधी ठेवलेलं नाही.

बाईंनी एका फायलीवर दोनदा टिचकी मारली. खोलीत एक बारीकसा श्वास ऐकू आला. "थांब हं, बघते," मावशी म्हणाली. "चष्मा कुठे टाकला मेला? हसतेस काय गं?"

कात्री हसत नव्हती. मावशीने दोन्ही हात पाटीवर घट्ट दाबून धरले होते.

संचालक पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि तिच्या खाली काहीतरी न उलगडलेलं. मिळालं, छान झालं, म्हणाले. पण बाई, मूळचं कुणी पुसलं ते तरी निघायला हवं.

"मूळचं कुणी पुसलेलं नाही," बाई म्हणाल्या. "हेच मूळचं आहे."

त्यांनी फोल्डरची जन्मतारीख दाखवली, म्हणजे 'तयार कधी' हा रकाना. कितीतरी वर्षांपूर्वीची होती. बाई म्हणाल्या, कॉपीचा जन्म कॉपी केल्या दिवशीचा असतो. ही गुरुवारी केलेली कॉपी असती तर रकान्यात गुरुवार दिसला असता. हे आवाज इथे कुणी उतरवलेले नाहीत, उचलून आणलेले आहेत.

मग त्या हिशेब मांडावा तशा बोलल्या. ज्याला नष्ट करायचं असतं तो पुसतो, दुसऱ्या नावाने त्याच कॉम्प्युटरवर ठेवत नाही. ज्याला मावशींपासून लपवायचं असतं तो बाहेर नेतो. इथे ठेवणाऱ्याला मावशींचं फोल्डर हलवायचंच नव्हतं. त्याला वाटत होतं, मूळचं जागच्या जागी आहे आणि आपल्याजवळ एक जास्तीचं आलंय. नाव बदललं ते त्या जास्तीच्याचं, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. म्हणून आज सकाळी ते नाही म्हटल्यावर तो आपल्या सगळ्यांइतकाच हादरला, आणि त्याला खरंच वाटलं की कात्रीने पुसलं.

"सर," बाई म्हणाल्या, "जरा या. सकाळी बाहेरच्या डिस्कवरून आणलेलं तुमचं ते फोल्डर इथेच आहे. ते याच कॉम्प्युटरवर शेजारच्या फोल्डरमध्ये न्या. नेहमीसारखं."

संचालकांनी उंदीर हातात घेतला. ओढलं, सोडलं. नव्या जागी फोल्डर आलं. त्यांनी मागे जाऊन जुनी जागा बघितली. जुनी जागा रिकामी होती.

"दुसऱ्या डिस्कवरून ओढलं तर कॉपी होते," बाई म्हणाल्या. "त्याच डिस्कवर ओढलं तर वस्तूच जाते. पहिल्या धड्यातलं आहे हे."

"पण मी तर कॉपीच…" संचालक म्हणाले, आणि थांबले.

६

'जुनी वीजबिलं' ज्या मोठ्या फोल्डरच्या पोटात होतं, ते संचालकांचं स्वतःचं. त्यात जे टाकाल ते आपोआप इंटरनेटवरच्या त्यांच्या कप्प्यात चढतं. फोल्डरच्या नावाशेजारी एक हिरवी खूण होती. कात्रीने विचारलं, ती कसली. बाईंनी सांगितलं, वर पोचल्याची. आता हे फक्त इथे नाहीये.

मावशीने पाटी पुसली आणि लिहिलं, "कुणाला?"

संचालक खुर्चीत बसले. चकचकीत बुटांची मुलं बोलती यंत्रं बनवतात, म्हणाले. पक्के आवाज त्यांना कितीही मिळतात. माणूस बोलतं कसं, थांबतं कसं, श्वास कुठे घेतं, ते त्यांना हवं होतं. बदल्यात संस्थेला नवी ध्वनिमुद्रणाची खोली मिळणार आहे. आणि तुझा आवाज पुढे चालू राहील, मावशी. संपणार नाही.

तिने लिहिलं, "विचारलंस?"

"तू तेव्हा बोलूच शकत नव्हतीस."

तिने पाटी पुसली नाही. त्याच शब्दाखाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरांत लिहिलं, "लिहिता येत होतं."

मी हिशेबातला माणूस. कुणाच्या खात्यात काय टाकायचं ते मला कळतं. पण त्या दिवशी त्या खोलीत प्रत्येकाच्या वाट्याला जे आलं ते कुठल्याच बाजूला बसेना. मावशीला कच्चं मिळालं, बाईंनी एका नव्या डिस्कवर उतरवून दिलं, आणि मूळ पुन्हा 'कच्चं'मध्ये ठेवलं. इंटरनेटवर गेलेलं परत आणायचं एखादं बटण असतं का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, पुढच्या धड्यात नाही. कुठल्याच धड्यात नाही.

कात्रीची कुणी माफी मागितली नाही. संचालकांनी तिला "काम चालू ठेवा" म्हटलं, 'तू'वरून 'तुम्ही'वर येऊन. त्यांच्या मते एवढ्यात सगळं आलं. महिना भरला तशी ती गेली. लग्नांची छायाचित्रं सारखी करायचं काम मिळालंय, म्हणाली, निदान माणसं तरी दिसतात. नवी खोली झाली. दार इतकं जाड आहे की भोंगासुद्धा बाहेर ऐकू येत नाही, ही संस्थेला झालेली एकमेव खरी देणगी. दारावर मावशीच्या नावाची पाटी लावायची टूम निघाली होती. मावशीने निरोप पाठवला, पाटी माझ्याकडे आहे.

परवा दुपारी ऑफिसातली वीज गेली. मी तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडे आधी एक बारीकसा श्वास ऐकू आला, कात्री कापायची तसला. मग नमस्कार, मग माझी तक्रार काय, हे विचारणारा तो आवाज. खणखणीत, बरा झालेला.

"मावशी?" मी म्हणालो.

"मला कळलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा एकदा सांगता का?"

समोर नव्या खोलीचं दार बंद होतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. वीज गेलीय, मी म्हणालो.

"थांबा हं," मावशी म्हणाली, "बघते."